सोनूबाईच्या गुडघ्याचं खरंखोटं

पुंजारामची बेबीनंदा औरंगाबादला शिकून डॉक्टर झाली, तरी घनसावंगीजवळच्या त्या गावाला ती बेबीनंदाच. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात ती गुडघेदुखीवरचं संशोधन घेऊन गावात आली. गुडघे धरून बसणाऱ्या बायांची गावात काय कमी! तिनं चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटानं पायाला वाळूची पिशवी बांधून बाजेवर बसल्या बसल्या पाय सरळ करायचा, दुसऱ्यानं गुडघ्याला नुसतं तेल चोळायचं. दर महिन्याला येऊन ती विचारणार, फरक पडला का?

सोनूबाईच्या वाट्याला तेल आलं. तेलानं तिचे हात तेवढे मऊ झाले, गुडघा होता तिथंच. पण उन्हातान्हात एस्टीनं आलेली पोर समोर आशेनं बघत बसलेली. तिला नाही कसं म्हणायचं?

"लई फरक हाय, पोरी. रुपयात बारा आणे गेलं बघ दुखणं."

तेलाच्या गटातल्या साऱ्याच बाया अशा मनानं मोठ्या निघाल्या.

तिसऱ्या महिन्यात बेबीनंदा सोनूबाईच्या ओसरीवर वही मिटून बसली. सोनूबाईनं चहा पुढं केला. "समद्या बऱ्या झाल्या, अन् तू तोंड पाडून बसली व्हय?"

"काकू, पिशवीवाल्या बऱ्या, तेलवाल्याबी तेवढ्याच बऱ्या. मंग पिशवीनं काय केलं, हे मी दाखवू कसं? समदी मेहनत वाया गेली."

सोनूबाईला आता उमगलं. शेजारची जयवंताबाई पिशवी बांधून बांधून खरोखरच खुरपायला जाऊ लागली होती. आणि आपण मायेपोटी फुकटच तिच्या बरोबरीला जाऊन बसलो! पोरीचं भलं करायला गेलो आणि तिच्याच कष्टांवर पाणी ओतलं.

"पोरी, मी खोटं बोलले गं," ती म्हणाली. "तुझं मन मोडू न्हाई म्हणून. तेलानं काडीचा फरक न्हाई. हे बघ." आणि खांबाला धरून, कण्हत कण्हत ती उठून दाखवू लागली.

बेबीनंदाचा चेहरा एकदम फुलला. धावत जाऊन तिनं काकूला हात दिला, परत खाली बसवलं आणि पेन काढलं. "उठताना जास्त दुखतं, का चालताना? जसं असंल तसंच सांगा. आता मी समद्यांनाच पुन्हा विचारते."

"इचार. मीबी बजावते एकेकीला."

एरवी सोनूबाई कण्हली की सून रेडिओचा आवाज वाढवायची आणि मुलगा पायात चप्पल सरकवून बाहेर पडायचा. आज मात्र एक शिकलेली पोर तिची एकेक कळ कान देऊन ऐकत होती, वर खुशीत मान डोलवत होती. सोनूबाईला फार बरं वाटलं. चढताना, उतरताना, कूस बदलताना, सगळं तिनं पोटभर सांगितलं. अभ्यास संपला की तेलवाल्यांनाही पिशव्या द्यायचं बेबीनंदानं कबूल केलं.

"झालं न, काकू?" पेनाला टोपण लावत तिनं विचारलं.

"गुडघ्याचं झालं," सोनूबाई ऐसपैस टेकून बसली. "आता कंबरंचं घे."