पथ्य सुटलं

अंबु वैद्यरांनी जावयाच्या फुगलेल्या पोटावर बोटं ठोकली, आत हलणारं पाणी पाहिलं आणि हात धुताना मुलीला म्हणाले, "दाक्षायणी, आता त्याला हवं ते खायला दे."

दाक्षायणीच्या हातातली पाण्याची धार तुटली.

पवित्रन मात्र उशीवरून अर्धा उठला. "ऐकलंस? मामांना दया आली एकदाची! मीठ नाही, पाणी नाही, नुसतं दूध. वासरू करून टाकलं होतं माझं. आज मासळी कर, तारल्या. चांगल्या झणझणीत, आंबट."

दाक्षायणी वैद्यरांच्या घरात वाढलेली. त्या घरात औषध मागाहून येई. आधी उठायचं केव्हा, कोणत्या ऋतूत काय खायचं, किती भूक राखून पानावरून उठायचं. पहिला वैद्य झाडपाला शोधायला गेला नाही, माणसं कशी जगतात ते बघत बसला, असं बाबा सांगत. धडधाकट असताना जगण्याचे नियम, आजारात पथ्य. रोग्याचं पथ्य ते सहसा सैल करत नसत, आणि साफ सोडलं की त्याचा अर्थ एकच. ओसरीवर ते वाक्य ऐकून तोंडावर हात दाबत बाहेर पडणाऱ्या बायका तिनं लहानपणापासून पाहिल्या होत्या. कण्णूरकडच्या त्या गावात ते सगळ्यांना कळे. लग्नानंतर इथे राहायला आलेल्या, दिवसभर बस चालवणाऱ्या पवित्रनला ते कोणी कधी सांगितलं नव्हतं.

ती बाबांच्या मागे कुंपणापर्यंत गेली. "दूध चालू ठेवा म्हणा ना. नुसतं म्हणा."

"पथ्य बरं होणाऱ्यासाठी असतं, पोरी. नाहीतर ती शिक्षा होते."

तिनं तारल्या केल्या. मीठ घालताना हात थबकला, पण घातलं. पवित्रननं दोन घास खाल्ले, तिखटानं डोळे पुसले, बोटं चाटली. "पुढच्या महिन्यात गाडीवर जातो की नाही बघ."

"जाल की," ती म्हणाली.

दुपारनंतर शेजारी येऊ लागले. नाणीअम्मा खीर घेऊन आली. "खा रे बाळा, पोटभर खा." कोणी तळलेली केळी आणली, कोणी कोंबडीचा रस्सा. दाक्षायणी दारातच वाटी घेऊन त्यांना परत पाठवू बघत होती, पण पवित्रनच आतून हाका मारी. "येऊ दे गं! अख्खं गाव मला लठ्ठ करायला निघालंय!"

मग कोरन आला. बांधावरच्या फणसापायी त्यानं पवित्रनशी बोलणं टाकलं होतं. तो पलंगाशी बसला आणि हलव्याचा पुडा उशाशी ठेवला. "पवित्रा, झाड तुझंच रे. मीच उगाच भांडलो."

पवित्रनचं हसू विरलं. कोरन गेल्यावर त्यानं विचारलं, "हा कशाला आला? दाक्षा, मी बरा होईन असं म्हणाले का मामा?"

ती हलव्याचा पुडा उचलून आत नेऊ लागली. त्यानं ताट ढकललं.

"जा. त्यांना सांग, मला पुन्हा बंदी घाला म्हणावं. मीठ नको, मासळी नको. जन्मभर दूध पितो. जा ना गं!"

ती नारळीच्या बागेतून धावत गेली. बाबा ओसरीवर एका रोग्याला बजावत होते, "वांगं बंद. दुपारची झोप बंद." तो रोगी कुरकुरत होता. दाक्षायणीला त्याचा इतका हेवा वाटला की ती क्षणभर पायरीशीच उभी राहिली. मग तिनं सगळं सांगितलं.

"खोटं सांगू त्याला?" बाबांनी विचारलं.

"सांगा."

वैद्यर उठले. पवित्रनच्या पायथ्याशी उभे राहून नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून फक्त दूध."

पवित्रननं उशीवरून मान उचलली.

"मामा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही कधी उद्यापासून म्हणत नाही. या घटकेपासून म्हणता."

वैद्यरांनी त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. पवित्रननं भिंतीकडे तोंड फिरवलं.