मोडी वाचून मिळेल

मी मयुरेशची वेबसाइट बोलतेय. ‘किती छान दिसतेस’ असं ऐकायची मला सवय होती. आज जे सांगणार आहे, ते सांगताना मात्र मान वर होत नाही.

मागच्या दिवाळीनंतर देवासच्या एका घरात, पुढच्या खोलीतल्या टेबलावर माझा जन्म झाला. मयुरेश तेव्हा सव्वीस वर्षांचा. एका कॉम्प्युटरच्या दुकानात बसून तो लोकांच्या लग्नपत्रिका आणि दुकानांच्या जाहिराती तयार करायचा. दुसऱ्यांची नावं सजवून तो कंटाळला होता. आपलंही काही असावं, आपल्या नावानं लोकांनी ओळखावं, असं त्याला फार वाटायचं.

त्याच घरात त्याची आत्या राहते. विनोदिनी तिचं नाव, शाळेतून निवृत्त झालेली. तिला मोडी वाचता येते. पूर्वी दरबारात आणि कचेऱ्यांत मराठी ज्या वळणदार लिपीत लिहायचे, ती मोडी. वडिलांजवळ बसून ती शिकली. लोक जुने कागद घेऊन यायचे, आत्या भिंग लावून ते वाचायची आणि साध्या अक्षरात उतरवून द्यायची. मयुरेश ते टाइप करून द्यायचा, इतकंच त्याचं काम. स्वतःला मोडीतली पाच-दहा अक्षरं यायची. हिंदी शाळेत शिकल्यामुळे साधं मराठी वाचतानाही तो ‘ळ’पाशी थबकायचा.

मला घडवताना त्याने जीव ओतला, हे खोटं नाही. रंग जुन्या कागदाचा घेतला. अक्षरं तीनदा बदलली. आत्याचं भिंग हातात धरून, कागदावर वाकून स्वतःचा फोटो काढला. ‘माझ्याविषयी’, ‘कामाचे नमुने’, ‘अभिप्राय’ आणि ‘संपर्क’ अशी चार पानं केली. नमुने सगळे आत्याने वाचलेल्या कागदांचे.

पहिल्या दिवशी माझ्यावर दोन नावं होती, आधी विनोदिनी आणि खाली मयुरेश. ते पाहून त्याचा मित्र अंशुल म्हणाला, “भिया, पोर्टफोलिओवर दो नाम नहीं चलते. माणूस कन्फ्यूज होतो. आत्याला कुठे जॉब करायचा आहे? तुझंच ठेव.”

मयुरेशने वरचं नाव पुसलं आणि खाली लिहिलं, ‘मोडी लिपी वाचक आणि भाषांतरकार’.

मला तेव्हा काहीच वाटलं नाही. एका ओळीची जागा मोकळी झाली, त्याचा फोटो मोठा झाला. मी आणखी देखणी दिसू लागले.

फाल्गुनात धारहून निरोप आला. अल्पना नावाच्या बाईंनी ‘संपर्क’मध्ये लिहिलं होतं, “माझी आजी उमाबाई पंच्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या वडिलांनी तिच्या आईला लिहिलेलं एक मोडी पत्र तिच्याजवळ आहे. ते बदनावरच्या कचेरीत कारकून होते. आजीने ते जन्मभर सांभाळलं, पण घरात कुणालाच वाचता आलं नाही. तिची तब्येत नरम चालली आहे. जरा जल्दी करून द्याल का?” सोबत पत्राचा फोटो होता.

आत्याचं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी महिनाभर डोळ्यांना ताण द्यायचा नाही, असं बजावलं होतं. मयुरेशला एवढंच लिहायचं होतं, की पत्र माझी आत्या वाचते, महिनाभर थांबा. त्याने तसं टाइपही केलं. मग वर माझ्याकडे बघितलं. तिथे त्याचंच नाव होतं. त्याने टाइप केलेलं पुसलं आणि लिहिलं, ‘दोन दिवसांत देतो.’

पत्रातले तीन शब्द त्याला लागले. आशीर्वाद, येथे आणि चिमी. बाकीचं त्याने मनानं रचलं. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगते. म्हाताऱ्या बाईला ऐकून बरं वाटावं, म्हणून त्याने गोड लिहिलं. ‘माझी प्रकृती उत्तम आहे. कामाचा व्याप फार आहे. सणाला नक्की येतो. चिमीला बांगड्या आणतो.’ सही लागेना, म्हणून खाली टाकलं, ‘सही अस्पष्ट’.

चार दिवसांनी अल्पनाताईंचा अभिप्राय आला. “पत्र आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे धडधाकट होता, तरी आला नाही. मग भिंतीकडे तोंड करून झोपली, दिवसभर जेवली नाही. असो, तुम्ही काय करणार? काम वेळेवर आणि छान झालं. धन्यवाद.”

मयुरेशने तो दोनदा वाचला. मग त्यातलं फक्त ‘काम वेळेवर आणि छान झालं. धन्यवाद’ एवढं कापून घेतलं आणि ‘अभिप्राय’मध्ये लावलं. वर पाच पिवळे तारे काढले. मूळ पत्राचा फोटो आणि त्याखाली आपलं वाचन, असं ‘नमुने’मध्येही चढवलं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली. एक म्हातारी उपाशी राहिली होती, आणि मी तारे मिरवत होते.

महिन्यानं आत्याला नवा चष्मा मिळाला. चहा पिता पिता ती म्हणाली, “अरे, तू माझं काम इंटरनेटवर लावलंयस म्हणतोस, ते दाखव तरी.”

त्याने टाळाटाळ केली. शेवटी तिनेच हात पुढे केला आणि फोन घेतला. दोन बोटांनी मला मोठं करून ती एकेक पान सावकाश बघत गेली. मयुरेश समोर उभा होता. आत्याचं बोट धारच्या पत्रावर थांबलं. ओठ हलू लागले. मग तिने खालचं त्याचं वाचन वाचलं. पुन्हा वरचं पत्र वाचलं.

“माझं नाव नाही यात, ते राहू दे,” ती म्हणाली. “पण हे काय लिहिलंस तू?”

“आत्या, तुझे डोळे… त्यांना घाई होती…”

“या पत्रात बांगड्या कुठे आहेत? दाखव मला.”

आत्या रागावून ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, “उद्या धारला जायचं. चूक तू सांगायचीस. मी फक्त पत्र वाचेन.”

मी जिथे उघडी असते, तिथलं मला कळतं. त्या दिवशी धारच्या घरात, मयुरेशच्या हातातल्या फोनवर मी उघडी होते.

उमाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अल्पनाताई पाणी घेऊन आल्या. मयुरेशने पाणी घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाला, “आजी, मला मोडी येत नाही. तुम्हाला पाठवलेलं पत्र मी मनानं लिहिलं होतं. खरं वाचणारी ही माझी आत्या.”

“मनानं?” अल्पनाताईंचा आवाज चढला. “शर्म नाही आली तुम्हाला? त्या दिवसापासून आजी कुणाशी धड बोललेली नाही!”

उमाबाईंनी हातानं तिला थांबवलं. उशीखालून पत्र काढून आत्यापुढे धरलं. “वाचा,” म्हणाल्या.

आत्याने खाटेच्या कडेला बसून वाचलं, “चिरंजीव सौभाग्यवती जानकीस आशीर्वाद विशेष. ज्वर बारा दिवस झाले उतरत नाही. उठवत नाही. लोक काही सांगतील ते मनास न आणणे. येथे दुसरे कोणीही नाही. राग सोडून चिमीस घेऊन यावे. पत्र पावताच निघावे. नीलकंठ.”

उमाबाई म्हणाल्या, “मधलं पुन्हा वाचा.”

“येथे दुसरे कोणीही नाही.”

“आमच्या आईला लोकांनी सांगितलं होतं, की त्याने बदनावरला दुसरं घर केलंय,” उमाबाई हळूहळू बोलत होत्या. “पत्र आलं, पण आईला वाचता येत नव्हतं. दुसऱ्याकडून वाचून घ्यावं, तर घरची अब्रू गावात जाईल म्हणून तिने कुणाला दाखवलं नाही. पेटीत ठेवलं. दोन महिन्यांनी तो गेल्याचीच बातमी आली. चिमी म्हणजे मी, सात वर्षांची होते. त्याला आमची गरज नव्हती, असंच मी धरून चालले. मुलांना त्याचं नावसुद्धा कधी सांगितलं नाही.”

“नीलकंठ,” अल्पनाताई पुटपुटल्या. आपल्या पणजोबांचं नाव त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं.

उमाबाई रडल्या नाहीत. पत्रावर तळवा ठेवून बसून राहिल्या. मयुरेश वाकून पाया पडायला गेला, तर त्यांनी पाय मागे घेतले.

“पाया नको पडू. आधी ते तुझं लिहिलेलं काढून टाक. माझ्या बापाने ते लिहिलेलं नाही.”

त्याने तिथेच, त्यांच्यासमोर ते काढलं. नमुना गेला, तारे गेले. दोनदा चुकीचंच बटण दाबलं गेलं. पण ते खोटं वाचन अल्पनाताईंनी नातेवाइकांच्या ग्रुपवर आधीच पाठवलं होतं. ते कुणाकुणाच्या फोनमध्ये अजून असेल. तिथपर्यंत माझा हात पोचत नाही.

निघताना उमाबाई एवढंच म्हणाल्या, “लाजेपायी आमच्या आईने पत्र लपवलं. तू लाज वाटत असूनही आलास. पाणी पिऊन जा.”

देवासला परतल्यावर मयुरेशने मला मोडून टाकायचं ठरवलं होतं. आत्याने अडवलं. “पळू नको. खरं लिही आणि राहू दे,” ती म्हणाली.

आता माझ्यावर एकच पान आहे. फोटो नाही, तारे नाहीत. त्यावर तीन ओळी आहेत. ‘येथे मोडी कागद विनोदिनीताई वाचतात. मयुरेश त्यांच्याजवळ शिकतो आहे. त्याला अजून वाचता येत नाही.’ लोक येतात, वाचतात आणि लगेच निघून जातात. तिसरी ओळ वाचल्यावर कोण थांबेल? मयुरेश दुपारी आत्याजवळ बसून अक्षरं गिरवतो आणि शिव्या खातो.

तुम्हाला एक विनंती आहे. घरात असा न वाचलेला कागद असेल, तर वाचून घ्या. आणि वाचणाऱ्याची वेबसाइट कितीही सुरेख असो, त्याला तोंडावर एकदा विचारा, ‘बाबा रे, तुला स्वतःला येतं ना?’ अल्पनाताईंनी विचारलं असतं, तर मयुरेशला खोटं बोलवलं नसतं. तेवढा मी त्याला ओळखते. त्यांनी विचारलं नाही, कारण माझ्याकडे बघून त्यांना विचारायची गरजच वाटली नाही.