टॅल्बर्ट क्रीचचं गाणं

रविवार होता. लॉरेल खोऱ्यात घराघरांच्या ओसरीवर बायका शेंगा ओवत बसल्या होत्या, कारण दोऱ्यात ओवून वाळवलेल्या शेंगांवरच आमचा हिवाळा निघतो. वेस्टा हॅटमेकर खालच्या शहरातल्या सूतगिरणीतून महिन्याभराने घरी आली होती. गिटार भिंतीला टेकवून ती धाकट्या बहिणीच्या शेजारी बसली.

"ताई, माझं लग्न ठरलंय," लूनी शेंगेत सुई घालत म्हणाली.

"कुणाशी?"

"भाऊजींशी."

वेस्टाच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. लूनी तेरा वर्षांची होती. भाऊजी म्हणजे टॅल्बर्ट क्रीच, वय चाळिशीच्या पुढे. थोरल्या ओर्डेलियाला बापाने चौदाव्या वर्षी याच माणसाच्या घरात लोटलं होतं, आणि वर्षाच्या आत ती बाळंतपणात गेली. पुढचा नंबर आपला, हे ओळखून वेस्टा मावशीबरोबर गिरणीत पळाली. तिथे ती बारा तास चात्यांपुढे उभी राही आणि सुट्टीच्या दिवशी चाळीच्या पायऱ्यांवर बसून गाणी रचून म्हणे. आता तिचा आवाज ऐकायला दुसऱ्या गिरण्यांतली माणसंही येत.

आमच्या डोंगरातली माणसं वाईट नाहीत, असं पाहुणे सांगतात. असेलही. पण मुलीची हाडं पुरती वाढण्याआधी तिला म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधायची, पाद्र्याने वर हात करून आशीर्वाद द्यायचा आणि सगळ्यांनी पोटभर जेवून घरी जायचं, यात आमच्यापैकी एकालाही कधी वावगं वाटलं नव्हतं. अशा चांगुलपणाला काय चाटायचंय?

वेस्टा परसात बापापुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, एक मातीत घातलीत, तेवढ्यानं भागलं नाही का?"

एझ्राने कुऱ्हाड खाली ठेवली. "तोंड सांभाळ. देवाची मर्जी होती ती. आपण क्रीचच्या जमिनीवर राहतो. उद्या त्यानं ऊठ म्हटलं तर मी कुठं जाऊ? तुला काय, तू सुटलीस!"

"म्हणून लूनीनं जायचं?"

"काकवी कढवून झाली की लग्न. बोलू नकोस आता."

खाली परतताना वेस्टा मॅहेला आजीकडे थांबली. खोऱ्यातली अर्धी मुलं या सुइणीच्या हातावर जन्मलेली. ओर्डेलियाजवळ शेवटी तीच होती.

"आजी, खरं सांग. तेव्हा डॉक्टर का नाही आला?"

म्हातारीने चुलीतली लाकडं आत सारली. "मी दोनदा सांगितलं त्याला. पोर अडलीय, डॉक्टर आण. तो घोडीला खरारा करत होता. म्हणाला, माझ्या घोडीला कधी डॉक्टर लागला नाही, हिचीच मिजास भारी."

"आणि तू गप्प बसलीस?"

"कुणाला सांगू गं? त्याच्याच गिरणीत सगळ्यांचं दळण."

डोंगर उतरताना वेस्टा रडली नाही. तिला क्रीचचा सूड हवा होता, आणि तो लूनीच्या लग्नाआधी हवा होता. शहरात पोचेपर्यंत गाण्याची चार कडवी तयार झाली होती.

त्याच उन्हाळ्यात गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीची माणसं शहरात आली. फर्निचरच्या रिकाम्या दुकानात भिंतींना गोधड्या टांगून त्यांनी यंत्र मांडलं होतं. वेस्टाने आवाज कोरून घेणाऱ्या मेणाच्या चकतीपुढे उभं राहून गाणं म्हणून दाखवलं. ब्रॅनन नावाचे साहेब खुर्चीतून उठलेच.

"गाणं जबरदस्त आहे, बाई. हा क्रीच कधी फासावर गेला?"

"रोज घोड्यावर बसतो."

"म्हणजे जिवंत आहे? अहो, मग नाव बदला. कायतरी जॉन, विल्यम घाला."

"साहेब, आमच्याकडे पोरीला मारणाऱ्याचं गाणं होतं, पण त्याला फाशी झाल्यावर. ह्याला फाशी व्हायची नाही. म्हणून गाणं आधी."

"तो खटला भरेल!"

"भरू दे. खटल्यात आमची सुईण आजी साक्षीला येईल आणि त्याचं ते वाक्य भर कोर्टात सांगेल. नाव राहत असेल तर गाते, नाहीतर ही मी निघाले."

ब्रॅनननी कपाळ पुसलं आणि मेणाची नवी चकती चढवायला सांगितली. तबकडी काकवीच्या दिवसांत दुकानांत येईल, हे वेस्टाने त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मग ती सरळ क्रीचच्या दारात गेली. "भाऊजी, तुमच्यावर गाणं केलंय. तबकडीवर."

क्रीचने मिशीवरून हात फिरवला. "माझ्यावर? घोडी आहे का त्यात?"

"पहिल्याच कडव्यात."

"बघ! तुझा बाप म्हणतो, पोरगी वाया गेली. मी म्हटलं होतं, गुणाची आहे." खोऱ्यात ग्रामोफोन फक्त त्याच्याकडे होता. तबकडी आली की ती लग्नातच वाजवायची, सगळ्यांदेखत, अगदी पहिल्यांदा, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. आपल्यावर गाणं झालं म्हणजे ते कौतुकाचंच असणार, याची त्याला एवढी खात्री होती.

लग्नाच्या दिवशी एझ्राचं अंगण भरलं. आमच्याकडे नवरीचा केक एका घरी होत नाही. येणारी प्रत्येक बाई आपल्या घरून एक पातळ थर भाजून आणते, आणि मग सुक्या सफरचंदाचा मुरांबा लावून ते एकावर एक रचतात. क्रीचच्या बहिणीने पहिला थर मांडला. बाकीच्या ताटं घेऊन उभ्या होत्या. लूनीला गेलेल्या आईचा झगा आखूड करून घातला होता, तरी तो पायात येत होता. वेस्टा तिच्या मागे उभी होती.

"थांबा, थांबा!" क्रीच ओरडला. "आधी माझं गाणं!" त्याने चावी फिरवली आणि सुई टेकवली.

*लाल घोडीवर चांदीचं खोगीर, टॅल्बर्ट क्रीच निघाला,*
*लॉरेलच्या साऱ्या लोकांनो, नीट पाहून घ्या त्याला.*

लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्रीचने टोपी काढून मुजरा केला.

*चौदा वर्षांची ओर्डेलिया दोन दिवस होती अडली,*
*टाचा घासून, आई आई म्हणत खाटेवरती रडली.*

*डॉक्टर आणा, म्हणे सुईण, हसला क्रीच दारी,*
*घोडीला माझ्या लागत नाही, हिचीच मिजास भारी!*

 क्रीच सुईकडे झेपावला, पण मॅहेला आजीने त्याचं मनगट धरलं. "हात लावू नकोस. तूच लावलंस ना? आता ऐक."

"थेरडे, सोड! खोटं आहे सगळं!"

"माझ्या तोंडावर सांग खोटं म्हणून. मी होते तिथं."

क्रीच तिची नजर चुकवून मनगट सोडवू लागला. तबकडी फिरत होती.

*तिच्या लग्नाचा केक गोड तो, थर कुणी कुणी आणला?*
*माती लोटताना तिच्यावरती हात कुणाचा थांबला?*

सुई खरखरत राहिली. मॅहेला आजीने आपल्या ताटावर फडकं टाकलं आणि ते काखेत घेऊन ती फाटकाकडे चालू लागली. मग शेजारीण निघाली, मग तिची सून. एकेक ताट झाकलं गेलं. मेजावर क्रीचच्या बहिणीचा एकच थर उरला, आणि पाद्री साहेब बायबलची पानं उगाच उलटत बसले.

"एझ्रा! पोरीला पुढं आण," क्रीच गुरगुरला, "नाहीतर उद्या घर रिकामं कर."

एझ्रा लूनीजवळ आला. ती वेस्टाच्या कमरेला घट्ट मिठी मारून होती. "मला नाही जायचं," ती म्हणाली. "बाबा, मला मरायचं नाही."

बाप जागच्या जागी खाली बसला. वेस्टाने लूनीचा हात धरला आणि दोघी डोंगर उतरल्या. शहरात तिने तिला गिरणीत नव्हे, शाळेत घातलं.

क्रीचने शब्द पाळला, एझ्राला घराबाहेर काढलं. वेस्टाने बापाला आपल्या खोलीत जागा दिली, भाकरी दिली, पण त्याच्याशी ती पुन्हा बोलली नाही. मी याला कठोरपणा म्हणणार नाही. तबकडी मात्र डोंगराडोंगरांत पोचली. कंपनी नवी गाणी मागू लागली, वेस्टाने गिरणी सोडली, आणि तिला ऐकायला लोक कार्यक्रमाच्या तंबूबाहेर उभे राहू लागले.

दोन वर्षांनी एका गावी कार्यक्रमाआधी क्रीच तिच्यापुढे आला. दाढी वाढलेली, टोपी हातात.

"वेस्टा, कुणी मला पोरगी देईना. या खोऱ्यात नाही, पलीकडच्याही नाही. जाईन तिथं पोरं मागून ते गाणं म्हणतात. हात जोडतो, नाव तेवढं काढ."

"काढते की. ओर्डेलियाला उठवून आणा, लगेच काढते."

"किती दिवस छळशील गं?"

"मी गाते तोवर मी. मग तबकडी आहेच."

ती तंबूत गेली आणि सगळ्यांत आधी तेच गाणं म्हणाली, दारात उभ्या असलेल्या क्रीचकडे बघत. लोकांनी माना वळवून त्याला नीट पाहून घेतलं.

वाचकहो, चाल अगदी सोपी आहे. तुमच्या गावातही कुणीतरी असा असेल. त्याचं नाव त्यात बसवून बघा, आणि मग त्या लग्नात तुम्ही काय खाल्लं होतंत, तेही आठवा.