काचेवरचा तीळ

"काकू, हात नका लावू, काच तापेल हाय अजून," कपांवर, काचांवर फोटो छापून देणारा जमीर म्हणाला, तसा अनंतरावांनी बायकोचा हात पकडला. गेला महिनाभर ते कुंदाचा हात असाच धरून असायचे.

महिन्यापूर्वी दूध आणायला गेलेली कुंदा संध्याकाळी लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या फाटकाशी सापडली होती. "सगळी दारं सारखीच आहेत हो," एवढंच म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. कॉलनीतली दारं सारखीच होती. पण त्याच कॉलनीत ती एकतीस वर्षं राहत होती. दारावर नावाची पाटी होती, पण आताशा तिला अक्षरं लागत नव्हती. म्हणून दोघांचा फोटो काचेच्या टाइलवर छापून दाराला लावायचं अनंतरावांनी ठरवलं.

पाटबंधारे खात्यात कारकुनी करताना ते साहेबाला भ्याले, ऑडिटला भ्याले. ती सगळी भीती लुटुपुटीची होती, हे आता कळत होतं. खरी भीती एकच. एखाद्या सकाळी चहा घेता घेता कुंदा आपल्याकडे बघेल आणि विचारेल, तुम्ही कोण? हे त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

जमीरने टाइल गार होऊ दिली, मागचा कागद सोलला आणि जीभ चावली. "गलती झाली काका. कपासाठी फोटो उलटा छापा लागते, काचेले सुलटा. सकाळपासून कपच करून राह्यलो, तोच हात बसला. आरशात दिसते तसं झालं पाहा."

"होऊ दे. काय फरक पडतो?" अनंतरावांना घरी जायची घाई होती. "कुंदा, बघ बरं."

कुंदा वाकली. तिचा चेहरा खुलला. "ही मी."

परवा अल्बममध्ये तिने स्वतःला ओळखलं नव्हतं. अनंतरावांना हायसं वाटलं, तेही क्षणभरच.

"पण माझ्याजवळ हा माणूस कोण उभा आहे?"

अनंतराव स्टुलावर बसले. हे कधीतरी होणार होतं, पण घरात, दार लावलेलं असताना होईल असं त्यांनी धरलं होतं.

"काकू, काकाच हायेत ना ते," जमीर हळूच म्हणाला.

"नाही रे. भलत्याच माणसाचा फोटो लावला तू." कुंदा चांगलीच चिडली होती. "आमच्या ह्यांचा तीळ त्या गालावर नाही." ती वळली, खाली वाकली आणि अनंतरावांच्या डाव्या गालावर तिने नेमकं बोट ठेवलं. "इथं आहे."

चव्वेचाळीस वर्षांत उखाणे सोडले, तर तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. आता ते तिला आठवत तरी होतं का, हे विचारायची अनंतरावांची छाती नव्हती.

"दुसरी करतो काका. दहा मिनटं बसा फक्त." जमीरने सुलटा कागद काढला, टाइलला चिकटवला आणि मशीन दाबलं.

कुंदाची नजर रस्त्यावर गेली आणि तिथेच कुठेतरी हरवली. बोट मात्र गालावरच राहिलं. मशीनच्या धगीने अनंतरावांना घाम फुटला, तो कानाजवळून ओघळू लागला. तो पुसायला गेलो तर बोट निघेल, म्हणून ते हलले नाहीत.

मशीनची घंटी वाजली, तरी ते तसेच बसून होते.