काकासाहेबांचे ठोके

त्या सकाळी घड्याळात चव्वेचाळीस दिसले तेव्हा काकासाहेब खूश झाले आणि दुर्गाबाई धसकल्या. आकडा एकच. नवऱ्याला वाटलं आपण जिंकलो, बायकोला वाटलं आता हा माणूस हातचा जातो.

"बघ," मनगट पुढं करून काकासाहेब म्हणाले, "झोपून उठल्यावरचे ठोके. कल्याणचे बावन्न हायेत, अन् तो पोलीस भरतीसाठी रोज पळून राह्यला. मी त्याच्या बापाच्या वयाचा."

"लय कमी न्हाई का झाले?" दुर्गाबाईंनी चुलीकडं तोंड करूनच विचारलं.

"तुला काय कळतं त्यातलं? ठोके जेवढे कमी तेवढं काळीज मजबूत. कल्याणनंच सांगितलं."

कल्याण म्हणजे त्यांचा पुतण्या. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, पळणाऱ्या पोरांचे ठोके कमीच असतात. पण काकासाहेब कुठं पळत होते? तीर्थपुरीच्या रस्त्यानं पुलापर्यंत जायचं, टपरीवर चहा प्यायचा, चार माणसांना मनगट दाखवायचं आणि परत यायचं. एवढ्यानं काळीज मजबूत होत असतं तर गावात कुणी मेलंच नसतं.

खरं कारण एकट्या दुर्गाबाईंना ठाऊक होतं, कारण ते त्यांच्याच हातचं होतं.

उन्हाळ्यात गावात तपासणीचं शिबिर झालं. काकासाहेबांचं बीपी वाढलेलं निघालं, ठोके नव्वदच्या वर. डॉक्टरांनी दोन्ही खाली आणायला रोज एक गोळी लिहून दिली. काकासाहेबांनी पाकीट घरी आणलं आणि माळ्यावर भिरकावलं. "गोळी एकदा चालू झाली का मरेपर्यंत सुटत न्हाई," एवढंच बोलले. दुर्गाबाईंचा थोरला भाऊ याच हट्टापायी लकवा मारून आडवा झाला होता. त्यांनी नवऱ्याला विनवलं, रडून पाहिलं, अबोला धरला. दगडावर पाणी! शेवटी एके दिवशी त्यांनी पाकीट खाली काढलं आणि ठेचा रगडताना त्यात एक गोळी रगडली. तो जहाल ठेचा घरात काकासाहेबांशिवाय कुणी तोंडाला लावत नव्हतं.

पुढं बदनापूरला शिक्षिका असलेल्या लेकीनं, दैवशालानं, वडलांना ठोके मोजणारं घड्याळ आणून दिलं. आकडा उतरत बहात्तरवर आला. दुर्गाबाई मनातून सुखावल्या. इथवर सगळं बराबर होतं.

मग बांधावरून भावकीशी भांडण झालं. काकासाहेब लालबुंद होऊन घरी आले, कपाळाची शीर उडत होती, आणि दुर्गाबाईंच्या डोळ्यापुढं बाजेवर आडवा पडलेला भाऊ आला. भीतीच्या भरात दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन गोळ्या रगडल्या. काही वावगं झालं नाही, म्हणून मग रोज दोनच. संपल्या की बाजाराच्या दिवशी मेडिकलवर जुनं पाकीट दाखवायचं आणि नवं घ्यायचं.

त्याचं आता हे असं झालं होतं. अलीकडं अंघोळ करून उठले की काकासाहेब भिंत धरून उभे राहायचे. पाय गार पडायचे. बोलता बोलता डोळे मिटायचे. दुर्गाबाईंना ते सगळं दिसत होतं. गोळी बंद करावी तर मेडिकलवाल्याला आडून विचारल्यावर त्यानं सांगितलं होतं, "बिलकुल सोडू नका काकू, एकदम सोडली तर अटॅक येतो." द्यावी तरी भीती, न द्यावी तरी भीती. लेकीला सांगावं तर ती बापाला विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि बापाला कळलं की भावकीत बोभाटा. बाईनं नवऱ्याला जेवणातून काही घातलं म्हटल्यावर ते औषध होतं की विष, हे कोण विचारत बसतं?

त्या सकाळी त्यांनी एकच गोळी रगडली. काकासाहेब जेवले, हात धुवायला उठले आणि उंबऱ्यातच मटकन खाली बसले. तोंड राखेसारखं झालं होतं. "दुर्गा, डोळ्यापुढं अंधारून आलं," म्हणाले. घड्याळात अडतीस होते.

कल्याणनं जीप काढली. अंबडपर्यंत दुर्गाबाईंनी नवऱ्याचं मनगट सोडलं नाही. घड्याळावरचा विश्वास उडाला होता, त्या बोटानंच ठोका शोधत होत्या. एक लागला की दुसरा येईपर्यंत त्यांचाच श्वास अडकायचा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी वाचली आणि विचारलं, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"एक बी न्हाई," काकासाहेब खोल आवाजात म्हणाले. "चालून चालून कमी केले म्या."

"चालून एवढे कमी होत नाहीत, काका." त्या दुर्गाबाईंकडं वळल्या. "गोळी नसेल तर हृदयातच दोष दिसतो. संभाजीनगरला न्या. छातीत यंत्र बसवावं लागेल. नक्की काही चालू नाही ना?"

गप्प राहिलं तर निभावून जाईल, असं दुर्गाबाईंच्या मनात आलंच. यंत्र बसेल, माणूस वाचेल, कुणाला काही कळणार नाही. पण आपल्या करणीपायी ह्यांची छाती फाडायची?

"मी घालत होते," त्या म्हणाल्या. "बीपीची. ठेच्यातून. दोन."

कल्याण आ वासून बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी गोळीचं नाव विचारलं, इंजेक्शन दिलं, सलाईन लावली. गोळीचा असर उतरला की ठोके चढतील, तोवर इथंच राहा, म्हणाल्या.

दुपार कलली तेव्हा ठोके दाखवणाऱ्या पडद्यावर पन्नास दिसत होते. कल्याण खाली गेला होता. काकासाहेब छताकडं बघत होते.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

त्यांनी छतावरची नजर पडद्यावरच्या आकड्याकडं वळवली. मग म्हणाले, "मी मेलो असतो, तर सांगितलं असतं का कुणाला?"

खोटं बोलणं सोपं होतं. दुर्गाबाईंना आता तेही जमेना.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

नवरा चिडेल याची त्यांनी तयारी ठेवली होती. लग्नापासूनची सवय होती ती. पण नवरा आपल्याला भ्यालेला त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी मनगट धरायला हात पुढं केला, आणि काकासाहेबांनी आपला हात पांघरुणात ओढून घेतला.