नको-यादी

शहाद्याच्या बाजारपेठेत फेसबुकच्या नादी लागलेली माणसं पायलीला पन्नास मिळतील, पण फेसबुकलाच आपल्या नादी लावणारा एकच होता, साड्यांच्या दुकानाचा नमनशेठ. वय अडतीस. धुळ्याला कॉम्प्युटर शिकत असताना वडील आजारी पडले, तसा शिक्षण अर्धवट सोडून तो गादीवर येऊन बसला. बोटांची खाज मात्र काही गेली नाही.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये, त्यानं स्वतः लिहिलेली एक स्क्रिप्ट बसवली होती. फेसबुक उघडलं की आधी ती धावायची आणि पानाचा नकाशाच बदलून टाकायची. जाहिराती गायब, रील्सची पट्टी गायब. सुरतच्या व्यापाऱ्यांच्या नव्या साड्या सगळ्यात वर, ओळीत तीन-तीन, फळीवर मांडतात तशा. गुड मॉर्निंगचे गुलाब आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर एकदम बाद. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये शब्दांची एक यादी होती. यादीतला शब्द ज्या पोस्टमध्ये सापडेल ती पोस्ट त्याला दिसायचीच नाही, तिची सूचनासुद्धा यायची नाही. नमन तिला नको-यादी म्हणायचा. मोबाइलवरून तर त्यानं फेसबुक कधीच काढून टाकलं होतं.

"जे खपत नाही ते माळ्यावर टाकायचं," असं तो येईल त्याला कौतुकानं समजावायचा. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि साडीचा काठ बघायचं. आपल्या अकलेवर असं खूश झालेलं माणूस बघितलं की मला आधी त्याची कीव येते.

या यादीत 'मिच्छामि दुक्कडम्', 'खमतखामणा' आणि 'क्षमापना' असे शब्दही होते. जैनांच्या घरात पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरीचा. त्या दिवशी उपास, प्रतिक्रमण म्हणजे वर्षभराच्या चुकांची कबुली, आणि दुसऱ्या दिवशी उंबरे झिजवून एकमेकांना खमावायचं, म्हणजे वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची हात जोडून याच शब्दांत माफी मागायची. पूर्वी घरोघरी जात. आता एक कमळाचं चित्र टाकतात, त्याला नव्व्याण्णव माणसं टॅग करतात आणि मोकळे होतात. नमनला त्याचा राग यायचा, आणि तो राग काही अगदीच खोटा नव्हता.

तीन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात त्याच्या बायकोनं, फाल्गुनीनं, अठाई केली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. नमननं मोठ्या अभिमानानं तिच्या पारण्याचा फोटो समाजाच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली त्याच्या मोठ्या भावानं, अभिनंदननं, चेष्टेत लिहिलं, 'अठाई बायकोची, फोटो नवऱ्याचा. स्टँडमागे बटाटेवडे कोण खातं ते अख्ख्या शहाद्याला माहीत आहे.' जमिनीखाली उगवलेलं खायचं नाही असा ज्यांचा धर्म, त्यांच्यात ही चेष्टा साधी नव्हती. शिवाय खरी होती. हसऱ्या तोंडांची रांग लागली. नमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्यानं सगळ्यांदेखत उत्तर लिहिलं, 'बाप शेवटचा श्वास घेत होता तेव्हा जो सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यांचे लगाम विकत बसला, त्यानं मला धर्म शिकवू नये.'

बटाटेवड्याला हे उत्तर नव्हतं, हे नमनला तेव्हाच कळलं होतं. पण लिहिलेलं पुसलं तर नाक कापलं जाईल, म्हणून त्यानं ते तसंच ठेवलं. भावाचा नंबर ब्लॉक केला. घरात सांगितलं, त्या घराचं नाव या घरात काढायचं नाही. त्यानंतर महिन्याभरात संवत्सरी आली आणि गेली. पुढची आली, तिच्याही पुढची आली. सारंगखेडा शहाद्याहून अर्ध्या तासावर, पण भाऊ आला नाही. "संवत्सरीलाही ज्याला एक शब्द सुचत नाही तो कसला मोठा भाऊ," असं नमन स्थानकाच्या, म्हणजे जैनांच्या प्रार्थनागृहाच्या, पायरीवर चार लोकांत म्हणायचा. लोक त्याच्याकडे विचित्र बघायचे आणि चपला शोधायला लागायचे. त्याला वाटायचं, लोकांना पटतंय.

गेल्या थंडीत त्यांची आई, पानीबाई, गेली. दोघं तिला बाई म्हणत. नमनकडेच असायची. दोघा भावांनी तिला खांदा दिला, पुढे एक, मागे एक, आणि तेव्हाही एकमेकांशी बोलले नाहीत.

यंदा संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नमननं दुकान उघडलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि कपाळाला हात लावला. ब्राउझर आपोआप अपडेट झाला होता आणि त्यानं स्क्रिप्ट बंद पाडली होती. पडद्यावर गुलाब, नाचणाऱ्या बायका, कमळं, जोडलेले हात, सगळा आठवड्याचा बाजार भरला होता.

दुकानात वडिलांच्या काळापासून असलेला चुडामण साड्यांच्या घड्या घालत होता. त्यानं मान लांब करून बघितलं.

"शेठ, हाई काय व्हयनं? तुमनं फेसबुक तं आमनासारखंच दिसी ऱ्हायनं!"

"बंद पडनी स्क्रिप्ट. करस दुरुस्त," नमन म्हणाला.

पण दुरुस्त करायच्या आधी त्याचा हात थबकला. कमळामागून कमळ सरकत होतं. लांबचे मामा, मावसभावाचा साडू, ओळख ना पाळख असे लोक त्याची माफी मागत होते. एवढ्या जगाला सुचलं, मग भाईसाला, आपल्या थोरल्या भावाला? एकदा बघून तर घेऊ, म्हणून त्यानं तीन वर्षांत पहिल्यांदा अभिनंदनचं पान उघडलं.

यंदाचं काहीच नव्हतं. पटलं की नाही, असं मनाशी म्हणत त्यानं पान खाली सरकवलं. गेल्या वर्षीची संवत्सरी आली. कमळ नाही, चित्र नाही, एकच ओळ होती आणि ओळीत त्याचं नाव. 'नमन, खमतखामणा. बाईसाठी तरी.'

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. आणखी खाली त्याच्या आदल्या वर्षीची होती. 'गेल्या साली लिहिलं, तुझं उत्तर आलं नाही. हरकत नाही, राग तेवढा असणारच. यंदा पुन्हा मागतो. मिच्छामि दुक्कडम्.'

आणि सगळ्यात खाली पहिली, लांबलचक. 'नमन, नंबर तू बंद केलास, आणि घरी येऊन गुपचूप माफी मागणं मला बरोबर वाटत नाही. चार लोकांत तुझ्या घराची थट्टा केली, तर हातही चार लोकांतच जोडायला हवेत. फाल्गुनीनं आठ दिवस अन्नाला शिवलं नाही आणि मी हसलो. तिच्या पायाशी वाकायला हवं असा माझा गुन्हा. बाबांबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे, मला उशीर झाला, ते मी रोज भोगतो. त्याचा तुझ्यावर राग नाही. तू फक्त एक शब्द लिही, मी निघून येतो.' खाली समाजातल्या साठ-सत्तर जणांनी हात जोडले होते. कुणीतरी विचारलं होतं, 'नमनभाई?' आणि त्याखाली काही नव्हतं.

म्हणजे सगळ्या गावानं वाचलं होतं. स्थानकाच्या पायरीवरच्या त्या चार लोकांनीही. आणि त्यांच्यापुढे उभं राहून हा म्हणत होता, त्याला एक शब्द सुचत नाही.

नमननं घरी फोन लावला. "भाईसानं लिहिलं होतं, तुला माहीत होतं?"

फाल्गुनी म्हणाली, "माहीत होतं. मला वाटलं तुम्ही वाचलं आणि सोडून दिलं. नाव काढायचं नाही असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

मग त्याला आईचं आठवलं. पहिल्याच वर्षी, संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, तो जेवत असताना ती समोर येऊन बसली होती. ती त्याच्याशी मारवाडीच बोलायची. "फेसबुक पर देख्यो कांई?" असं तिनं विचारलं होतं. त्यानं ताटातून मान वर न करता सांगितलं होतं, "देख्यो. सब एक सरीखो. ढोंग है." पानीबाई उठून आत गेली होती. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

स्क्रिप्टचा दोष, असं म्हणून सुटता आलं असतं. नमननं तसा प्रयत्नही केला. स्क्रिप्टची फाइल उघडली, नको-यादी काढली आणि ते तीन शब्द शोधले. त्याला एक चांगली सवय होती. कुठलाही बदल केला की शेजारी तारीख टाकायची. त्या तीन शब्दांपुढेही तारीख होती. कमळांचा पूर येऊन वैतागल्यावर घातलेले ते शब्द नव्हते. पहिल्या संवत्सरीच्या पाच दिवस आधी घातले होते. तेव्हा एकही कमळ उगवलं नव्हतं.

तेव्हाचं सगळं त्याला लख्ख आठवलं. भाईसाचा स्वभाव त्याच्याइतका कुणाला ठाऊक? तो संवत्सरी कोरडी जाऊ देणार नाही, काहीतरी लिहील, आणि वाचलं की आपल्याला विरघळावं लागेल. विरघळायचं नव्हतं. रागातही एक गोडी असते, ती त्याला सोडवेना. म्हणून त्यानं दार लावून घेतलं आणि पुढे दार लावलंय हेसुद्धा तो सोयीस्करपणे विसरला.

"चुडामणभाऊ, दुकान देखा," म्हणून त्यानं मोटरसायकल काढली.

अभिनंदनचं दुकान सारंगखेड्यात रस्त्यालगतच होतं. दोर, घंटा, लगाम, बैलांच्या झुली. यंदा त्याचे केस पूर्ण पांढरे झाले होते. नमनला बघून तो उठला नाही, पण समोरच्या बाकावरचा दोराचा गुंडाळा सरकवून त्यानं जागा केली. मारवाडी आईशी आणि अहिराणी एकमेकांशी, असा दोघा भावांचा लहानपणापासूनचा रिवाज होता.

"ये. बस."

नमन बसला. "भाईसा, तुमनं लिखेल मी वाचंच नही. तिन्ही सालनं. आज वाचं."

"सगळा शहादाले दिसनं, तुले नही दिसनं?"

नमननं सांगितलं. स्क्रिप्ट म्हणजे काय, यादी म्हणजे काय, ती पोस्ट कशी लपवते. अभिनंदन लगामाची कडी हातात फिरवत शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मशीननी दपाडं. आते मशीनले ते शब्द कोनी सांगं?"

येताना रस्ताभर नमननं याचं उत्तर जुळवलं होतं. पूर, टॅग, नव्व्याण्णव माणसं, सगळं तयार होतं. ते सगळं त्यानं बाजूला ठेवलं.

"मीच सांगं," तो म्हणाला. "तुम्ही लिखशात, हाई माले मालूम व्हतं. म्हनीसनच." आणि तो रडायला लागला. अडतीस वर्षांचा बाप्या, भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर. त्यानं हात जोडले. "बाबांबद्दल जे लिखं, ते..."

"ऱ्हाऊ दे." अभिनंदननं त्याचे जोडलेले हात धरून खाली केले. "मन्हा मनमा काही नही. मी तुले कव्हयच माफ करं."

नमनला वाटलं, आता छातीवरचा दगड उतरेल. पण भावानं हात सोडले, गिऱ्हाइकाला दोर मोजून दिला आणि पाठमोराच राहून म्हणाला, "यंदा मी काबर लिखं नही, तुले मालूम शे?"

"तुम्ही थकी गयात."

"थकनू नही. जिनासाठे लिखू, ती ऱ्हायनी नही." तो वळला. "दर संवत्सरीना दुसरा दिन बाई आठे ये. तूच तं तिले बसमा बसाडी देस. ती कसाले ये?"

"नातवंडंसले भेटाले."

"नातवंडं साळामा ऱ्हायेत." अभिनंदननं नमन बसला होता त्या बाकाकडे बोट दाखवलं. "आठे बसे. मन्हापुढे हात जोडे. म्हने, नमन लिखाव नही, त्यानाकडथीन मी खमावस. मी म्हनू, बाई, मायनी पोऱ्यापुढे हात जोडू नही. ती ऐके नही. तिन्ही साल."

नमन बाकावरून उठला. तिथं बसवेना, आणि उभं राहून जायचं कुठं ते कळेना. भाऊ त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेला.

त्या तिन्ही संध्याकाळी पानीबाई बसमधून उतरून दुकानात यायची तेव्हा नमन गादीवर असायचा. त्याला तिचं सारंगखेड्याला जाणं खुपायचं, म्हणून तो मुद्दाम विचारायचा, "कांई, हो गई बडा बेटा री सेवा?" ती पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, हो गई.