कपाळावरचं प्रश्नचिन्ह

दुकानात तिला सगळे ‘सासूबाई’ म्हणायचे. लग्नाचा पत्ता नाही, सुनेचा तर प्रश्नच नाही. पण दोन भुवयांच्या मधोमध अशा खोल आठ्या, की बघणाऱ्याला वाटावं, आता ही आपल्याला फैलावर घेणार. त्यात काम कुठलं, तर विकलेला माल बदलून देण्याच्या काउंटरवर! मोडकी छत्री घेऊन आलेला माणूस तिचं कपाळ बघायचा आणि छत्री काखोटीला मारून मुकाट्याने परत जायचा. मॅनेजर खूश होता. ती मात्र घरी जाऊन उशीत तोंड खुपसायची, कारण स्वभावाने बिचारी अगदी लोण्याचा गोळा.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे ती गेली होती गालावरच्या डागांसाठी. बाईंनी मलम लिहून दिलं, मग अंगठ्याने आठ्या ताणून बघितल्या.

“या वयात एवढ्या खोल? डोळ्यांना त्रास आहे का?”

“नाही हो, जन्माच्याच आहेत,” ती म्हणाली.

मग इंजेक्शनचा विषय निघाला. बारीक सुई, भुवया आवळणारे स्नायू काही महिने सैल पडतात, असर ओसरला की हवं तर पुन्हा घ्यायचं. बाईंनी सगळं नीट समजावलं, घाई केली नाही. तिने घेतलं.

आणि काय सांगावं! थोड्याच दिवसांत काउंटरवर माणसं हसून बोलायला लागली. एका आजींनी तर मोजे बदलता बदलता नातीच्या खोड्या सांगितल्या. सकाळी सनस्क्रीन, रात्री मलम आणि मधूनमधून ही सुई, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं. झोपताना ती डॉक्टरीणबाईंना मनातल्या मनात हात जोडायची.

घोळ झाला तो घरी.

तिची आई जन्मापासून बहिरी. मायलेकी हातांनी बोलायच्या, तेही घरच्या घरी जुळवलेल्या खुणांनी. त्या भाषेत प्रश्नाची वेगळी खूण नव्हती. भुवया आवळल्या की विचारणं, नाही आवळल्या की सांगणं. ‘जेवलीस’ आणि ‘जेवलीस का’ यात फरक तो फक्त कपाळाचा. आणि आता लेकीचं कपाळ गप्प बसलं होतं.

लेकीने विचारलं, भाजी संपली का? आईला दिसलं, भाजी संपली. आईने हातातल्या भरल्या पातेल्याकडे बघितलं, मग लेकीकडे, आणि हिचं डोकं ठिकाणावर नाही अशी मान हलवली. लेकीला वाटलं, आईचं काहीतरी बिनसलंय. असले रुसवेफुगवे घरात होतातच, म्हणून कुणी खोलात गेलं नाही.

पण गोळीचं तसं नव्हतं. आईला ब्लडप्रेशर, त्यात विसरभोळी. लेक रोज कामावर निघताना घाईघाईत विचारायची, गोळी घेतलीस का? आईला दिसायचं, गोळी घेतलीस. ही म्हणतेय म्हणजे घेतली असणार, असं समजून आई निवांत मान डोलवायची.

एका सकाळी आई ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. नशीब, लेक अजून घरात होती. दवाखान्यात प्रेशर भलतंच चढलेलं निघालं. डॉक्टरांनी ते उतरवलं, थोडक्यात निभावलं म्हणाले. घरी येऊन लेकीने बघितलं, तर गोळ्यांचं पाकीट भरलेलं. तिने आईपुढे ते नाचवलं. आईने आश्चर्याने हात हलवले, “तूच तर रोज सांगायचीस, घेतलीस म्हणून!”

लेकीचा हात आपल्या गप्प कपाळावर गेला. आपल्या देखणेपणापायी आई जाता जाता राहिली! तिने रडत रडत कपाळ दाखवलं, सुईची सगळी हकिकत सांगितली आणि कानाची पाळी धरली. पुन्हा म्हणून ही सुई घेणार नाही.

आईने लेकीच्या गुळगुळीत कपाळावरून अंगठा फिरवला.

“तू एवढीशी होतीस,” आईचे हात बोलायला लागले. “दुकानदार, डॉक्टर, तुझ्या शाळेतल्या बाई, सगळ्यांचे प्रश्न तूच मला विचारायचीस. दिवसभर भुवया आवळून. या आठ्या जन्माच्या नाहीत गं. माझ्या आहेत. माझ्यासाठी पडल्यात. आता पुरे. सुई घे.”

“आणि प्रश्न कसा विचारू?” लेकीने मोकळ्या हाताने विचारलं.

आईने लेकीच्या कानाकडे बोट दाखवलं, तिची बोटं अजून पाळीवरच होती. मग स्वतःची पाळी ओढून दाखवली. हा प्रश्न. बहिऱ्या बाईच्या घरात प्रश्न कानाने विचारायचा, म्हणून आईलाच एवढं हसू लोटलं, की लेकही रडता रडता हसली.

पुढच्या इंजेक्शनला आई बरोबर आली. सुई टोचली तशी समोरून आईने कानाची पाळी ओढली. दुखतंय का? लेकीने मान न हलवता मांडीवरच हाताने सांगितलं, नाही. आणि लगेच स्वतःची पाळी ओढली. गोळी? आईने पर्समधून पाकीट काढून दाखवलं, आजची जागा रिकामी होती.

निघताना आईने डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात हातात घेतले, आपल्या कपाळाला लावले, आणि बोट लेकीच्या कपाळाकडे नेलं. लेक सवयीने अर्थ सांगायला पुढे झाली. “कळलं मला,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.